बळीरामची मूठ

बळीराम माझा मजुरांच्या टोळीतला जोडीदार. त्याच्याइतका घुम्या माणूस मी दुसरा पाहिला नाही. भंडाऱ्याकडून आम्ही एकाच गाडीने भिलाईच्या पोलाद कारखान्यावर आलो. त्या सगळ्या प्रवासात तो एकदाच बोलला, आणि तेही "सरक" म्हणाला. पुढे भट्टीच्या उभारणीवर त्याला क्रेनला इशारे द्यायचं काम मिळालं, तेव्हा मला वाटलं, साहेबांनी निदान एक माणूस तरी योग्य जागी लावला. तिथे तोंडाचा उपयोगच नव्हता. लोखंडाच्या दणदणाटात कोण कोणाचं ऐकणार? बोट वर गेलं की माल उचलायचा, हात खाली वळला की उतरवायचा, आणि मूठ वर आली की जिथल्या तिथे थांबायचं. कारण मागाहून विचारायचं.

वर केबिनमध्ये त्याचाच मुलगा चंपत बसायचा. एकदा मी पाठमोरा उभा होतो आणि क्रेनला टांगलेली लोखंडी प्लेट माझ्याकडे सरकत होती. बळीरामची मूठ वर गेली आणि प्लेट माझ्या पाठीपासून हातभर अंतरावर थांबली. त्या बापलेकांमुळे मी आज हे सांगायला जिवंत आहे. तरी बळीरामची थट्टा करायचा हक्क मी सोडलेला नाही.

चंपतला बॉक्सिंगचा नाद होता. फौजेतून आलेला एक हवालदार रुआबांधा वस्तीच्या बाजूला पोरांना शिकवायचा. ड्यूटी सुटली की चंपतची सायकल थेट तिकडे. पोरगा खेळायचाही झकास. सगळे तसं म्हणायचे, फक्त बाप सोडून. बापाचं एकच पालुपद, "हात मोडला तं लीवर कोन धरन?" एवढं बोलून तो जेवायला बसायचा.

"काका, कप नाही भेटला तं नाही भेटला," चंपत मला एकदा म्हणाला. "पन बाबानं एकडाव म्हनाव, चांगला खेळतं म्हनून. मले तेवढंच पायजे."

मला त्या पोराची दया आली आणि बळीरामचा राग आला. म्हणून कारखान्याच्या स्पर्धेची फायनल होती त्या रविवारी मी बळीरामला अक्षरशः ओढत सेक्टर सहाच्या मैदानावर नेलं. चंपतला आम्ही येणार हे माहीत नव्हतं.

समोर होता जवळच्या उतई गावचा भैयालाल. सुरक्षा विभागातला गडी, दंड असे की सदऱ्याच्या बाह्या उसवाव्यात. पहिल्या फेरीत त्याने चंपतला चांगलाच बदडला. भुवई फुटली. बळीराम माझ्या शेजारी दोन्ही हात काखेत दाबून उभा, चेहरा नेहमीसारखा दगड. दुसऱ्या फेरीत चंपत सावरला. तिसऱ्या फेरीत त्याने भैयालालला कोपऱ्यात गाठलं आणि असा काही झोडपायला लागला की मैदान उठून उभं राहिलं. भैयालालचे गुडघे लटपटले. आता एक ठोसा बसला की संपलं, हे माझ्यासारख्या अडाण्यालाही कळत होतं. जो तो मूठ नाचवत ओरडत होता.

आणि चंपत थांबला.

हात खाली, नजर आमच्याकडे. तेवढ्यात भैयालालचा ठोसा त्याच्या जबड्यावर बसला आणि पोरगा आडवा झाला. दहापर्यंत मोजून झालं तरी उठला नाही. मी वळून पाहिलं, तर बळीरामची मूठ वर होती. शेकडो मुठी होत्या तिथे, पण पोराच्या नजरेला वर्षानुवर्षं एकच मूठ शोधायची सवय.

खेळाडूंच्या तंबूमागे चंपत बाकावर बसला होता. बापाला पाहताच उसळला. "कावून थांबवलं, बाबा? तो पडतच होता! मी जिंकून राहिलो होतो, तेवढंबी तुमाले पाहवलं नाही?"

मला राहवलं नाही. "अरे, भुवईतून रक्त वाहून राहिलं होतं तुया. बापाचं काळीज हाय, घाबरला बिचारा," मी म्हणालो. अगदी पटण्यासारखं होतं. त्याने नुसती मान हलवली असती तरी अब्रू वाचली असती.

"नाही," बळीराम म्हणाला. "मी नाही थांबवलं."

"मंग मूठ कावून दाखवली?" चंपतने विचारलं.

"मी... मी मार म्हनून राहिलो होतो."

"कोन? तुमी?"

"हौ. सारे म्हनत होते, मीबी म्हनलो. मले भानच नाही राहिलं. लय चांगला खेळून राहिला होता तू." मग खाली बघत म्हणाला, "माया पायी हरला रे तू."

चंपत बापाकडे बघतच राहिला. मला वाटलं, आता हा रडणार किंवा आरडाओरडा करणार.

"मले तं ऐकू नाही आलं," तो हळूच म्हणाला. "गलबला लय होता. आता म्हना."

"आता? इथं?"

"हौ. म्हना ना, बाबा."

बळीरामने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मी मुद्दाम नजर दुसरीकडे वळवली. आणि मग आयुष्यभराचा न वापरलेला आवाज त्याने एकदम काढला, "मार! मार, बेटा, मार!"

नेमका त्याच वेळी भैयालाल कप काखेत मारून चंपतची विचारपूस करायला तंबूमागे येत होता. बिचारा दोन पावलं मागे सरकला. "बने हस न, भाई?" बरा आहेस ना, असं त्याने लांबूनच आपल्या छत्तीसगढीत विचारलं.

चंपत हसत होता. ओठ फाटलेला, हसताना त्यातून रक्त येत होतं, तरी त्याला हसू आवरेना. बळीराम त्याच्यापुढे गुडघ्यावर बसला आणि आपल्या सदऱ्याच्या टोकाने ते रक्त पुसत पुन्हा पुन्हा, आता अगदी हळू आवाजात, म्हणत राहिला, "मार, बेटा, मार."