पेटी रिकामी आढळली

मी तक्रारपेटी बोलतेय. चिडून बोलतेय, हे आधीच सांगून टाकते. ज्यांनी पस्तीस वर्षं माझ्यावर मोडके बाक रचले, त्यांनी मागच्या महिन्यात मला अडगळीतून बाहेर काढलं, आत डोकावलं आणि कागदावर लिहिलं, 'पेटी रिकामी आढळली.' रिकामी म्हणे!

मला घडवलं बेंबळीच्या लिंबाजी सुतारानं. तिथून दीड कोसावर कॅथलिक ब्रदरांच्या एका संघाची शाळा होती आणि मुलांचं वसतिगृह होतं. शाळेच्या भिंती दगडमातीच्या, पावसाळ्यात ओल धरायच्या. म्हणून भिंतीवर टांगायच्या प्रत्येक पेटीला लिंबाजी दुहेरी पाठ ठोकायचा आणि दोन फळ्यांमध्ये बोटभर फट सोडायचा. ती त्याची पद्धतच होती. माझ्या डोक्यावर चिठ्ठी टाकायला चीर ठेवली आणि पुढं कुलूप लावलं.

आता किल्ली कुणाकडे असावी? ज्यांच्याबद्दल पोरांना सांगायचं होतं, त्याच वसतिगृहप्रमुख ब्रदरांकडे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, ते काही उगाच नाही.

दर सोमवारी प्रार्थना झाली की ब्रदर मला सगळ्यांसमोर उघडत. 'भाकरी कच्ची', 'डाळीत खडे' असल्या चिठ्ठ्या हसत हसत वाचून दाखवत. पालक खूश असत. शिस्त आहे, इंग्रजी आहे, वर तक्रारपेटीसुद्धा आहे, आणखी काय पाहिजे? काही चिठ्ठ्या मात्र मोठ्यानं न वाचताच झग्याच्या खिशात जात. मग तशी चिठ्ठी लिहिणाऱ्या पोराला दुपारी आजाऱ्यांच्या खोलीत बोलावणं येई आणि दार आतून लागे. हळूहळू पोरं मला फक्त भाकरीबद्दल सांगायला लागली.

शिवपुत्र तेव्हा अकरा वर्षांचा होता. उमरग्याकडचा, घरी कानडी बोलणारा, आईला अव्वा म्हणणारा. त्यालाही त्या खोलीत नेलं होतं. एकदा नाही, पुष्कळदा. त्यानं वहीचं पान फाडून सगळं लिहिलं. 'नाव नसलेली तक्रार वाचली जाणार नाही' असं माझ्याच अंगावर रंगवलेलं, म्हणून बिचाऱ्यानं खाली नावही घातलं. चार घड्या घालून चिठ्ठी माझ्यात टाकली. त्या पावसाळ्यात माझी आतली फळी वाकली होती. चिठ्ठी घसरली ती थेट दोन फळ्यांच्या मध्ये जाऊन बसली.

सोमवारी ब्रदरांना ती सापडली नाही. पण शिवपुत्रला ते काय माहीत? त्याला वाटलं, चिठ्ठी खिशात गेली, आता बोलावणं येणार. त्याच दुपारी तो कुंपणावरून उडी मारून पळाला. घरी बापानं बडवलं आणि त्याची शाळा तिथंच संपली. ब्रदरांच्या हाती लागली असती तर चिठ्ठी फाडली गेली असती, हे मला कळतं. तरी ती मी गिळून बसले, याची मला लाज वाटते.

ते ब्रदर वारले त्याला आता वीस वर्षं झाली. मागच्या वर्षी तिथल्या तीन जुन्या विद्यार्थ्यांनी तोंड उघडलं. त्यातला एक शिवपुत्र. केस पिकलेत, उमरग्यात पिठाची गिरणी आहे. संघानं चौकशी समिती नेमली. अध्यक्ष परजिल्ह्यातून आलेले एक फादर आणि सोबत संघाचे वकील.

"तेव्हाच तक्रार का केली नाही?" वकिलांनी विचारलं. हा प्रश्न ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"केली हुती की," शिवपुत्र म्हणाला. "नाव घालून. पेटीत."

उत्तरेश्वर शिपायानं मला आणून टेबलावर ठेवलं आणि माझं कुलूप फोडलं. आत पालीची अंडी आणि खडूचे चार तुकडे निघाले. वकिलांनी ती ओळ लिहिली ती तेव्हा. शिवपुत्रनं मान खाली घातली.

साक्षीला बोलावलेली सिताबाई दारात बसली होती. वसतिगृहाची जुनी स्वयंपाकीण. ती उठून माझ्याजवळ आली.

"ही लिंबाजीची पेटी न्हाय का? माझ्या घरी बी हाय, तिखटामिठाची. हिची पाठ दुहेरी आसती. मीठ मागं सांडतंय, दर दिवाळीला फळी काढून झाडावं लागतंय मला."

उत्तरेश्वरनं फळीत पटाशी घातली. खिळे कुरकुरले, फळी निघाली आणि चिठ्ठी टेबलावर पडली. पिवळी पडलेली, पण घडी तशीच.

शिवपुत्रनं तिला हात लावला नाही. "म्हंजी कुणी वाचलीच न्हाय," एवढंच तो म्हणाला.

"यावर तारीख कुठंय?" वकील म्हणाले. "आणि अक्षर यांचंच कशावरून?"

"आदी वाचा की सायेब. तारीख मग हुडका," सिताबाई म्हणाली. "मला वाचाया येत न्हाय. पर लेकरं जेवत न्हवती ते दिसत हुतं. ताटं उचलायची आन गप बसायची म्या."

अध्यक्षांनी चष्मा लावला. चार ओळी वाचल्या आणि थांबले.

"पुरी वाचा," सिताबाई म्हणाली.

त्यांनी पुरी वाचली. त्यात काय होतं ते मी सांगणार नाही, ते शिवपुत्रचं आहे. शेवटची ओळ तेवढी सांगते. 'माझ्या अव्वाला बोलवा.'

'रिकामी' ही ओळ त्यांना खोडावी लागली. प्रकरण पोलिसांत गेलं, आणि हल्ली मी पुरावा म्हणून ठाण्यात असते, लाखेचं सील लावून. ब्रदर गेले, पण त्यांना पाठीशी घालणारे अजून आहेत. त्यांचं काय होईल ते कोर्ट बघेल. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. त्या शाळेत माझ्या जागी नवी लोखंडी पेटी बसवली आहे म्हणे. तुमच्या पोराच्या शाळेतही असेल. तिची किल्ली कुणाकडे असते, ते उद्या जाऊन विचारा.