दोन दिवसांचे वावर

घाटमाथ्यावर पाऊस कोसळत होता आणि दौंडच्या अलीकडे भीमाकाठी मात्र लख्ख ऊन पडले होते. अशा उन्हात पुराची गोष्ट कोणाच्या गळी उतरत नाही, हे पाटबंधारे खात्यात उभी हयात घालवलेले हौसराव जाणून होते. म्हणूनच निवृत्तीनंतर ते ज्या मदत संस्थेचे काम पाहत होते, तिच्याकडे त्यांनी हट्ट धरला होता : मदत पाण्याच्या आधी पोचली पाहिजे. धरणातून विसर्ग वाढणार असल्याचा निरोप सकाळी आला आणि दुपारपर्यंत नदीकाठच्या चाळीस घरांच्या खात्यांत प्रत्येकी पाच हजार रुपये जमा झाले. पाणी पहाटे येणार होते.

वस्तीवर टेंपो भरले जात होते. धुरपदाच्या दारात मात्र बावीस मेंढ्या जागच्या जागी उभ्या होत्या आणि तिचे सासरे मल्हारी बाजेवर पाठ फिरवून बसले होते.

हौसराव चरकले. निवाऱ्यासाठी त्यांनी शाळा ठरवली होती. खोल्या, संडास, पिण्याचे पाणी, सगळे पाहून. मेंढरांचा विचारच राहून गेला होता.

"पोपटरावांचं वरचं वावर मोकळं आहे, तिथं न्या," ते म्हणाले.

"बोलावणं कुठं हाय?" मल्हारी उसळले. "शेतकरी दारात येतो, दाणं कबूल करतो, तवा धनगर त्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतो. औंदा पोपटनं खताला साखर कारखान्याची मळी टाकली, आमाला बोलावलंच न्हाई. आता आपल्या पायानं जाऊन 'आमाला घ्या' म्हनू? बुडालो तर बुडालो!"

"तुमी बुडाल वो, मेंढरांनी काय केलंय?" धुरपदा म्हणाली आणि हौसरावांकडे वळली. "आबा, हे पैसं कशावर बी खरचले तर चालतंय का?"

"तुमचेच आहेत. विचारायचं कारण नाही."

तिने पदर खोचला आणि चढ धरला. अर्ध्या तासाने परतली ती बोलतच.

"मामंजी, उठा. मेंढरं बसवायला न्हाई जायचं. दोन दिसांसाठी वावर भाड्यानं घेतलंय. तवर तिथलं मालक आपुन."

"पोपट काय म्हनला?"

"म्हनला, पैसं कशाला? म्या म्हनलं, घ्या गपगुमान, न्हाईतर आमचं म्हातारं यायचं न्हाई."

मल्हारींनी घोंगडी खांद्यावर टाकली. मेंढरांभोवती लावायची जाळी, वाघर, स्वतः उचलली आणि ते कळपाच्या पुढे चालू लागले.

रोख रकमेऐवजी ताडपत्री आणि धान्य द्यावे, असे हौसरावांनी संस्थेच्या बैठकीत अटीतटीने मांडले होते. आज त्यांना ते आठवून संकोच वाटला. त्यांच्या कोणत्याही यादीत हे भाडे बसले नसते. या बाईने मेंढरांबरोबर म्हाताऱ्याचा मानही पाण्याच्या वर नेला होता.

सकाळी पाणी धुरपदाच्या खिडकीला लागले होते. वरच्या वावरात मेंढ्या निवांत रवंथ करत होत्या. पोपटराव चहाची किटली घेऊन आले, पण बांधावरच थांबले. लेंड्यांनी भरलेल्या रानाकडे त्यांनी मन लावून पाहिले.

"मल्हारीमामा, अजून चार दिस बसवा की. दोन पायली ज्वारी देतो."

"भाडं उद्या सपतंय," मल्हारी घोंगडीवरून न हलता म्हणाले. "मग बोलू."

"आन् दोन न्हाई," मागून धुरपदा म्हणाली, "चार पायल्या."