मांडवाच्या दारातली घोडी

ही शर्यत जिंकली तर शालिकरामला तीन गोष्टी मिळणार होत्या: ढाल, पेपरातला फोटो आणि मौद्याच्या आसपासच्या गावांतल्या या मोसमातल्या सगळ्या वराती. पहिल्या दोन भिंतीवर टांगायच्या, पोट तिसरीवर. आमच्याकडे जी घोडी सगळे धुरे, म्हणजे शेतांचे बांध, उडून पहिली येते, तिच्यावरच नवरदेव बसतो. हरलेल्या घोडीवर बसायला नवरदेव एकवेळ तयार होईल, त्याची आई होत नाही.

सात धुरे, एक नाला. धान निघाल्यावर बहुतेक बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, रिकाम्या असतात, पण गोपिकाबाईंच्या बांधीत लाखोळीच्या डाळीचं पीक उभं असतं. मार्ग दरवर्षी तिथूनच जातो. मार्ग आखणाऱ्या कमिटीत शालिकराम आहे आणि त्याचं हरभऱ्याचं वावर शेजारीच आहे, हा योगायोग गावाने मान्य केलेला आहे.

यंदा त्याने आणखी एक सुचवलं. शर्यत संपते त्या दोरीआधी मांडव घाला, केळीचे खांब लावा, फोटो खुलून येईल.

त्याची घोडी चांदणी सातही धुरे उडाली. बळीरामचा टांग्याचा घोडा मागे नाल्याशी अडला. दोरी वीस पावलांवर राहिली आणि चांदणी मांडवाच्या दारात थांबली. ओवाळल्याशिवाय, गूळ खाल्ल्याशिवाय मांडवात पाऊल टाकायचं नाही, ही शिस्त तिला शालिकरामनेच लावलेली. टाच मारून झाली, विनवून झालं. ती मान ताठ करून उभी.

पाहुण्यांना ओवाळायला गोपिकाबाई ताट घेऊन तिथेच होत्या.

"काकू, ओवाळा ना लवकर."

"काहून गा, घाई हाय काय?"

"बळीराम येऊन राहिला मागून."

"येऊ दे. त्याले बी ओवाळीन." त्यांनी वात सारखी केली. "पुढच्या साली घोडे कोणाच्या वावरातून जातीन?"

"ते कमिटी ठरवीन."

गोपिकाबाईंनी ताट खाली ठेवलं. बळीराम नाल्याबाहेर आला होता.

"माह्या वावरातून," शालिकराम म्हणाला.

"जोरात बोल गा, सरपंचाले ऐकू नाही आलं."

तो जोरात बोलला. सरपंचांनी ते माइकवर पुन्हा सांगितलं. मग दिवा लागला, गूळ मिळाला, आणि चांदणी पाहुण्यांकडे बघत बघत, बळीरामच्या घोड्यापेक्षा एक मान आधी दोरीपाशी पोचली.

ढाल आणि वराती शालिकरामच्या. फोटोत तो मागे वळून बघतो आहे. गोपिकाबाईंची यंदाची लाखोळी गेली ती गेलीच, पुढची वाचली. शालिकरामच्या वावरात हरभरा पेरते, निंदते त्याची बायको जया, आणि तिला हा करार माइकवरूनच कळला. पुढचे आठ दिवस त्या घरात वेळेवर जेवायला मिळालं ते फक्त चांदणीला.