जावेची नजर

एकाच आईचे दोन मुलगे एकाच आजाराने पडले. थोरला सब्री गावात राहायचा, म्हणून गेला. धाकटा शेहाता शहरात, हृदयाच्या आणि लकव्याच्या नव्या केंद्रासमोर राहायचा, म्हणून आपल्या पायांनी चालत घरी आला. सब्रीच्या बायकोला, इन्साफला, हे रोज नव्याने आठवायचं.

त्या शुक्रवारी शेहाताच्या जिवावरचं टळलं म्हणून त्याच्या बायकोने, नगातने, जेवण घातलं. पुरुष नमाजाला गेले होते. नगात फत्त्याचं, रोटी-भात-मटणाचं, ताट घेऊन बायकांत मिरवत होती.

"केंद्र झाल्यापासून आमच्याकडे मयत म्हणजे नव्वदीचं कुणीतरी असतं," ती म्हणाली. "कबरी खणणारा बदावी तर आता पेरू विकतो."

"आमच्या गावाला पाठव त्याला," इन्साफ म्हणाली. "आमच्या खणणाऱ्याला उसंत नाही."

बायका हसल्या. इन्साफ हसली नाही. सरळ सांगायचं तर ती जळत होती. नवरा जावेचा, बाल्कनी जावेची, बाल्कनीतून दिसणारी ती पांढरी इमारतही जावेचीच. तिचा सब्री मात्र शहराकडे आणताना कालव्याच्या रस्त्यावरच संपला होता. हिलाही एकदा कळू दे, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात नगातच्या हातातलं ताट पडलं. ती बोलायला गेली, तर तोंडातून नुसतं बरळणं आलं. ओठाची एक बाजू लोंबली आणि ती खाली बसली ती कलंडलीच. सब्रीचं अगदी असंच झालं होतं.

"नजर लागली पोरीला," दोन्ही भावांची म्हातारी आत्या रतीबा म्हणाली. "इतकं सुख चारचौघींत मिरवू नये. कागद आणा, सुई आणा."

"आत्या, दवाखाना समोर आहे," एक शेजारीण म्हणाली.

"नजर अंगावर घेऊन उंबरा ओलांडला तर ती आत शिरते. आधी उतरू दे."

आत्याने कागदाची बाहुली कापली. एकेक नाव घेत ती सुईने भोकं पाडू लागली. शेजारणीच्या नजरेचं एक, विहिणीच्या नजरेचं एक. सगळी नावं झाली की बाहुली धुपावर जाळायची. इन्साफचं नाव ती घेईना. घरी आलेल्या विधवेचं नाव तोंडावर कसं घ्यायचं? पण बायकांचे डोळे फिरून फिरून तिच्यावरच येत होते.

माझा सब्री रस्त्यात तडफडला, आता घे तूही, असं इन्साफला वाटलं, आणि ते वाटणं गोड लागलं. मग नगातचा धड असलेला हात चटईवर चाचपडला. इन्साफच्या झग्याचं टोक हाती लागलं, ते तिने घट्ट धरलं.

"भोकं पाडणं बंद करा," इन्साफ म्हणाली. "नजर माझी आहे."

आत्याने सुई थांबवली.

"मीच लावली. आणि माझी नजर कागदाने उतरत नाही. हिला आत्ताच्या आत्ता त्या इमारतीत न्या, तरच सोडेन. नाहीतर जाईल ही."

आत्या तिच्या दिशेने थुंकली. पण बायकांनी नगातला उचललं. नजर लावणारीचा शब्द मोडायची हिंमत कुणात होती?

वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. नगात वाचली, हळूहळू बोलूही लागली. इकडे गावातल्या बायका इन्साफ दिसली की तान्ही पोरं झाकू लागल्या. बारशाचं, लग्नाचं बोलावणं तिला येईनासं झालं. निरोप आला तो एकट्या नगातचा, तेव्हा इन्साफ तिला भेटायला गेली.

"खरंच लावली होतीस?" नगातने विचारलं. जीभ अजून जड होती. "की आत्याला हलवायला बोललीस?"

आत्याला हलवायलाच बोलले, असं म्हटलं असतं तर संपलं असतं. पलंगाच्या पलीकडे शेहाता बायकोसाठी संत्रं सोलत होता, एकेक बी काढून फोडी तिच्या हातावर ठेवत होता. इन्साफ ते पाहत राहिली.

"लावली होती," ती म्हणाली. "आणि आत्ताही लागतेय, नगात. निघते मी."