जयंतीला दिलेली शिडी

जाईमावशीला नाही म्हणणारा माणूस त्या गावात अजून जन्मायचा होता, आणि प्रियदर्शनी तर तिची सख्खी भाची. नगरपरिषदेच्या अग्निशमन दलात ती एकटीच मुलगी. भरती झाली तेव्हा मावशीने अख्ख्या वस्तीत पेढे वाटले होते, आता ते वसूल करायची वेळ आली. भीमजयंती तोंडावर होती, विहाराच्या घुमटावर माळा चढवायच्या होत्या आणि मावशीला पाहिजे होती दलाची चाकांची शिडी.

शिडी जुनी, बंबामागे आकड्याला अडकवून ओढत न्यायची. पण लांबवली की दुसऱ्या मजल्याची गच्ची सहज गाठायची, आणि अमरावती-अकोल्याच्या मोठ्या गाड्या या गल्ल्यांत शिरल्याच नसत्या. दलाचे साहेब महादेवराव बैठकीला गेलेले. प्रियदर्शनीने कोणाला न विचारता शिडी देऊन टाकली.

मात्र तशीच दिली नाही. वस्तीतल्या गड्यांना तिने उन्हात उभं केलं. चाकांना ठोकळे कसे लावायचे, शिडी कशी लांबवायची, दोर कोणी धरायचा, हे तिने इतक्यांदा करून घेतलं की वायरमन ललित वैतागला.

"माळा लावाच्या हायेत ताई, चंद्रावर नाई जाचं."

"मंग नेऊ नका शिडी."

ललितने ठोकळे काढून पुन्हा लावले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी फोन आला. विहाराजवळच्या गल्लीत इंदूबाईच्या जिन्याखालचं मीटर पेटलं होतं. तिथेच रचलेल्या कूलरच्या जुन्या गवती ताट्या भडकल्या आणि सगळा जिना धुराने भरला. म्हातारी इंदूबाई गच्चीवर कुरडया वाळत घालायला गेलेली. उतरायला दुसरी वाट नव्हती.

ड्रायव्हर शेषरावांनी बंब काढला आणि मागचा रिकामा आकडा पाहिला.

"शिडी कुठी हाये?"

"विहारात. म्या देल्ली."

शेषरावांनी खाडकन गिअर टाकला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं. नोकरी जाईल तर जावो. पण शाळेतून येताना इंदूबाईच्या माठातलं पाणी पिऊन ती मोठी झाली होती, आणि आज त्याच बाईचा जीव आपल्या भिडस्तपणापायी टांगणीला लागला होता.

विहारापाशी बंब थांबला. अंगणात माळा लोळत होत्या. शिडी नव्हती, माणूसही नव्हता. तेवढ्यात फाटकातून जाईमावशी ओरडली, "इथं काऊन थांबली? धूर दिसला तशी पोट्ट्यायनं ढकलतच नेली ना शिडी इंदूच्या घरी!"

गल्लीच्या तोंडाशी बंब लावून शेषरावांनी पाण्याचा पाइप आत ओढला. प्रियदर्शनी पुढे धावली. शिडी गच्चीला लागलेली होती. चाकांखाली ठोकळे होते, दोर ललितच्या मुठीत होता. दोर ताणलेला होता. मात्र इंदूबाई अजून वरच.

"येतच नाई ताई," तो रडवेला झाला. "म्हणते, खाली एवढे गडी, मी लुगडं सावरत शिडीवरून उतरू का?"

प्रियदर्शनीला हसू आलं आणि डोळेही भरले.

"सारे तिकडं तोंड करा. दोर सोडू नका."

ती चढली. जिन्याच्या दारातून धुराचे लोट बाहेर येत होते. इंदूबाई कठड्याला टेकून खोकत होती. प्रियदर्शनीला पाहून म्हणाली, "जाईची भाची ना तू? मंग चाल." आधी प्रियदर्शनी एक पायरी उतरायची, मग इंदूबाई. म्हातारीचा पाय मातीला लागला तशी प्रियदर्शनी तिच्या गळ्यात पडून सगळ्यांसमोर रडली. तोवर शेषरावांनी जिन्यातली आग विझवली होती.

संध्याकाळी महादेवरावांनी तिला समोर उभं केलं.

"कोणाले इचारून देल्ली शिडी?"

"कोणालेच नाई."

"मंग मेमो भेटन," ते म्हणाले. कागद पुढे ओढता ओढता बोलले, "आन त्या पोट्ट्यायले जयंती झाली की इथं बोलाव. अजून नीट शिकव."

शिडी काही परत विहारात गेली नाही. जयंतीला घुमटाची एक बाजू झगमगली आणि दुसरी अंधारात राहिली. वाचलेल्या कुरडया तळून इंदूबाई ताट घेऊन आली, वर पाहून म्हणाली, "यंदा अर्धाच उजेड काऊन वं जाई?"

"अर्ध्यातच शिडी तुह्या घरी गेली."

इंदूबाईने त्या अंधाऱ्या बाजूकडे पाहिलं. मग तिने ताटातली सगळ्यात मोठी कुरडई उचलून जाईशेजारी उभ्या प्रियदर्शनीच्या हातात दिली.