माझ्यावर केक ठेवू नका

मी एक जुना ढोल आहे, मित्रांनो. टेबल नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागच्या सप्टेंबरात आमच्या घरातल्या शहाण्या माणसांनी मिळून मला टेबल करायचं ठरवलं होतं, आणि माझं मत कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर साऱ्या गावाला ऐकू गेलं असतं.

माझा जन्म लिथुआनियातल्या कुपिश्किस गावाजवळचा. गाडीची चाकं बनवणाऱ्या एका कारागिराने वाफेवर लाकूड वाकवून माझं पिंप घडवलं. त्यावर वासराच्या कातड्याचं पान ताणलं, दोऱ्या आवळल्या आणि मला गावच्या अग्निशमन दलाच्या हवाली केलं. आग लागली की तीच माणसं बंब घेऊन धावायची, आणि रविवारी तीच माणसं पितळी कर्णे फुंकत रस्त्याने निघायची. मला वाजवणारे गृहस्थ अंगाने एवढे थोर की माझ्यापेक्षा त्यांचंच पोट आधी कोपऱ्यावरून वळायचं. ते गेल्यावर माझा पट्टा त्यांच्या मुलीने, एल्विराने, गळ्यात घातला. बाईने ढोल वाजवायचा म्हणजे काय, अशी कुजबुज झाली. एल्विरा गावच्या बेकरीत राईच्या काळ्या पावाचं पीठ मळायची. तिच्या हातचे पहिले चार ठोके ऐकले आणि कुजबुज बंद पडली.

त्या काळी आमचा देश एका मोठ्या देशाच्या पोटात गेलेला होता. आपला झेंडा फडकवला तर पोलीस दारात. पण कौनासचा बास्केटबॉल संघ मॉस्कोच्या संघाविरुद्ध उतरला, की एल्विरा मला घेऊन बसमध्ये चढायची. ढोल वाजवायला बंदी नव्हती ना! ‘एवढा कशाला बडवताय?’ असं कोणी दरडावलं तर सांगता यायचं, ‘साहेब, खेळ चाललाय.’ खेळ चाललेला होताच. पण त्या ठोक्यांत आणखी काय काय होतं, ते दरडावणाऱ्यालाही ठाऊक होतं.

मग देश स्वतंत्र झाला. नंतरच्या पहिल्याच ऑलिम्पिकमध्ये आमच्या पोरांनी बास्केटबॉलचं कांस्यपदक आणलं. तिसरा क्रमांक! त्या दिवशी गावात कोणाच्या घराला कुलूप नव्हतं आणि कोणी घरातही नव्हतं. अनोळखी माणसं माझ्या पानाचे मुके घेत होती. तेव्हापासून आमच्याकडे तिसऱ्या क्रमांकाला कोणी कमी लेखत नाही.

पुढची कितीतरी वर्षं मी युरोपभर हिंडलो. बसच्या मागच्या सीटवर, पावाच्या पोत्यांना टेकून. आमच्या झेंड्याच्या पिवळ्या-हिरव्या-लाल रंगांतल्या गर्दीत मी घुमायला लागलो की समोरच्या देशाचे ढोलवाले उठून सलाम करायचे. मग आमची जुंपायची.

पण दिवस सारखे राहत नाहीत. नवी पोरं प्लास्टिकचे हलके ढोल आणू लागली. मोठ्या मैदानांच्या दारात पहारेकरी मला बघून मान हलवू लागले. एल्विराचा खांदा धरायला लागला. मी कोठारात गेलो, आणि माझ्यावर सफरचंदांचे खोके आले. मित्रांनो, ज्याच्यावर एकदा खोका ठेवला जातो, त्याच्यावर मग काहीही ठेवलं जातं.

एल्विराची एकुलती मुलगी रुगिले अमेरिकेत इंडियानाला शिकायला गेली, तिकडेच नोकरीला लागली आणि तिकडचाच मुलगा ठरवून मोकळी झाली. कर्टिस त्याचं नाव. मुलगा गुणी. आमची भाषा मोडकीतोडकी का होईना, शिकून आला. पहिल्या उन्हाळ्यात अंगणात जेवायला बसला, बीटाचं गार गुलाबी सूप बघून जरा दचकला, पण दोन वाट्या प्यायला. मग एल्विराचा भाऊ वायदोतास याने त्याला हेरलं. वायदोतासमामा म्हणजे बिअर, लसणीचा तळलेला पाव आणि टोमणे, या तिन्हींवर जगणारा माणूस.

“काय जावईबापू, बास्केटबॉल बघता की नाही?”

“बघतो म्हणजे? आमच्याकडचंच ते. यंदा आमचा क्लब जगज्जेता झाला!”

“जगज्जेता? कोणाकोणाला हरवलंत?”

कर्टिसने शहरांची नावं सांगितली.

“ही सगळी तर तुमचीच गावं झाली,” मामा म्हणाला. “आणि जग कुठे होतं तेव्हा? बाहेर चपला सांभाळत?”

सगळे हसले. कर्टिसही हसला, पण सरळपणाने म्हणाला, “मामा, जगातले सगळे चांगले खेळाडू आमच्याकडेच येतात खेळायला. तुमचेसुद्धा. देशादेशांच्या स्पर्धा म्हणजे उन्हाळ्यातली गंमत. दमलेले घरी बसतात, उरलेले जातात. जिंकलो तर जिंकायचंच होतं. हरलो तर आमचे खरे खेळाडू गेलेच नव्हते.”

“छान आहे,” मामा म्हणाला. “म्हणजे तुम्ही कधी हरतच नाही. आमचं तसं नाही बाबा. आमच्याकडे जेवढे आहेत तेवढे सगळे जातात. मोडक्या पायाचासुद्धा जातो. म्हणून हरलो की आम्हीच हरतो.”

मी कोठारात खोक्याखाली होतो. तिथून जेवढं घुमता येईल तेवढा घुमलो.

लग्न पुढच्या सप्टेंबरात ठरलं, आमच्याच तळ्याकाठच्या वाडीवर. त्या वर्षी जागतिक स्पर्धा होती. रुगिलेने आपल्या मते फार हुशारी केली होती: अंतिम सामना रविवारी, म्हणून लग्न शनिवारी. आमच्याकडची मुलगी अंतिम सामन्याचा दिवस मोकळा ठेवणारच. पण तिसऱ्या क्रमांकाचा सामना शनिवारी असतो, हे ती विसरली. पाच-सहा वर्षं तिकडे राहिल्यावर असं होतं. तिकडे त्या सामन्याचा दिवस कोणाच्या लक्षातच नसतो.

शुक्रवारी आमची पोरं उपांत्य सामना हरली. अमेरिकेचीही हरली. संध्याकाळी मामा तोंड पाडून आला.

“ताई, उद्या दुपारी तीनला. तिसऱ्या क्रमांकासाठी. समोर अमेरिका.”

एल्विरा मटकन खाली बसली. “तीनला तर जेवणाची पंगत!”

“आई,” रुगिले म्हणाली, “मला शब्द दे. उद्या टीव्ही नाही, रेडिओ नाही, ढोल नाही. कर्टिसचे आईवडील एवढ्या लांबून आलेत. तिसऱ्या नंबरासाठी तुम्ही सगळे पंगत सोडून पळालात, तर काय म्हणतील ते? हसतील गं.”

“हसू देत की.”

“तुला चालेल. मला त्यांच्यात राहायचंय.”

मग रुगिले जवळ बसली आणि हळूच म्हणाली, “आणि ढोल मला दे. आपल्या घरातलं काहीतरी माझ्याजवळ असू दे. कर्टिस म्हणतो, वर काच बसवली तर बैठकीच्या खोलीत सुंदर टेबल होईल.”

मुलगी आता कायमची समुद्रापलीकडे चालली होती. अशा वेळी आई काय देत नाही? एल्विराने शब्दही दिला आणि मलाही दिलं. माझ्यावरची धूळ ओल्या फडक्याने पुसताना तिचा हात पानावर थांबला. थाप मात्र मारली नाही तिने. एवढ्या वर्षांत तिने मला हात लावला आणि मी गप्प राहिलो, असं प्रथमच झालं.

शनिवारी मला वाडीवर नेलं. सजावटवाल्या मुलीने मला पांढरं कापड गुंडाळलं आणि वर शाकोटिस ठेवला. शाकोटिस म्हणजे आमच्या लग्नातला केक. जाळावर दांडा फिरवत त्यावर पीठ ओतत जातात, त्यामुळे त्याला चहूबाजूंनी काटेरी फांद्या फुटतात. माणसाच्या कमरेएवढा उंच तो हिरवा नसलेला निवडुंग माझ्या डोक्यावर बसला. आल्यागेल्याने त्याचे फोटो काढले. माझे कोणी नाही.

दारात एल्विराने पाव आणि मीठ देऊन जोडप्याला आत घेतलं. पाहुण्यांनी पेले उचलून रिवाजाप्रमाणे ओरडा केला, “कडू! कडू!” म्हणजे दारू कडू लागतेय, नवरा-नवरीने मुका घेऊन ती गोड करावी. त्यांनी केली. सगळं रीतसर चाललं होतं.

तीन वाजले आणि पंगत विरळ व्हायला लागली.

आधी मामा उठला. “गाडीचे दिवे चालू राहिलेत वाटतं.” मग त्याचे दोन मित्र उठले, त्यांना म्हणे तेच दिवे बघायचे होते. मग बेकरीतल्या बायका “बाळ रडतंय” म्हणून गेल्या. त्यांच्यातल्या कोणाचंही बाळ पंचविशीच्या आत नव्हतं. शेवटी पाद्रीबुवाही घसा खाकरत निघाले. वाडीवरच्या कोठारामागे मामाच्या गाडीची चारी दारं उघडी होती आणि रेडिओ बारीक आवाजात सुरू होता.

कर्टिसचे वडील वेंडेल रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिले. ते तिकडे एका शाळेच्या संघाचे प्रशिक्षक होते. त्यांचं बोलणं कर्टिस भाषांतर करून सांगत होता.

“कुठे गेले सगळे?”

“सामना आहे,” रुगिले ओशाळून म्हणाली.

“कोणाचा?”

“तुमचा.”

“आमचा?” वेंडेल चकित झाले. “आम्ही तर काल हरलो ना? मग संपलं की!”

आता त्या लांबलचक मांडवात आमच्या बाजूची एकच बाई बसलेली होती. एल्विरा. तिने शब्द दिला होता. ताठ बसली होती, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू होतं. पण दोन्ही हात टेबलावरच्या कापडाचा गोळा करून तो मळत होते. दाबायचा, दुमडायचा, दाबायचा. कोठारामागून हुंकार आला की हात थांबायचे, मग पुन्हा सुरू. मी तिच्यासमोर केक घेऊन उभा होतो. आम्ही दोघंही शब्दाचे पक्के, आणि दोघांचीही तीच गत.

रुगिले बराच वेळ त्या हातांकडे बघत होती. मग तिने पेला खाली ठेवला, पांढरा झगा दोन्ही हातांनी गुडघ्यापर्यंत उचलला आणि म्हणाली, “ऊठ, आई.”

“शब्द दिलाय मी.”

“मीच घेतला होता, मीच परत देते. ऊठ! चल लवकर!”

आणि नवरी पळत सुटली. मागे आई, त्यामागे नवरदेव, त्यामागे काहीच न कळलेली अमेरिका. मामाने आनंदाने रेडिओ मोठा केला, तेव्हा कुठे मलाही नीट ऐकू यायला लागलं. आमची पोरं मागे होती. मग बरोबरीत आली. मग पुढे गेली, आणि कोठाराच्या फळ्या हादरल्या.

आणि शेवटच्या क्षणी हरली.

रेडिओ बंद झाला. सगळे मांडवात परतले, पण कोणी खुर्चीत बसेना. मामा वेंडेलसमोर गेला आणि कडक इस्त्रीच्या आवाजात म्हणाला, “अभिनंदन. तिसरा क्रमांक तुमचा.”

वेंडेल गोंधळले. आनंद करावा तर मनात नव्हता, न करावा तर उद्धटपणा. मग ते हळूहळू बोलू लागले.

“आमच्या गावची शाळा एकदा राज्याचा अंतिम सामना हरली. त्या दिवशी गावात कोणी जेवलं नव्हतं. पोरांची बस परत आली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अख्खं गाव उभं होतं. मीही रडलो.”

“मग देशासाठी का नाही?” एल्विराने विचारलं.

वेंडेलनी विचार केला. “देश केवढा मोठा आहे, बाई. त्याच्यासाठी कुठून ओरडायला सुरुवात करायची, तेच कळत नाही.”

“आमचा देश तुमच्या गावाएवढाच आहे,” एल्विरा म्हणाली. “कुठूनही ओरडलं तरी सगळ्यांना ऐकू जातं.”

मित्रांनो, माझा वेंडेलवर राग नाही. प्रेम त्यांनाही कळतं. फक्त ते शाळेवर, क्लबवर करतात, आणि देशाला निकाल विचारून मोकळे होतात. चालायचंच. पण म्हणून आम्ही आमचा आवाज कमी करावा का? मुळीच नाही!

एल्विरा माझ्याकडे आली. तिने शाकोटिस उचलला आणि समोर उभ्या असलेल्या वेंडेलच्या हातात दिला. “धरा जरा.” माझ्या अंगावरचं पांढरं कापड ओढून काढलं. टिपरू नव्हतंच, तिने टेबलावरचा लाकडी डाव घेतला.

“पण तुम्ही हरलात ना?” कर्टिस म्हणाला. “चौथ्या क्रमांकासाठी कोण ढोल वाजवतं?”

“आम्ही!” असं म्हणाली ती एल्विरा नव्हती. रुगिले होती. तिने माझी दुसरी बाजू धरली आणि मुठीनेच पहिला ठोका दिला.

मग काय सांगू! दुखरा खांदा विसरून आई डावाने, अंगठीच्या हाताने मुलगी. मामा गाऊ लागला, बेकरीतल्या बायकांनी फेर धरला. आमची पोरं चौथी आली, जगात चौथी, आणि तळ्यापलीकडचे कुत्रे भुंकून भुंकून दमले. वेंडेल काटेरी केक छातीशी धरून मधोमध उभे. ठेवायचा कुठे ते त्यांना कळेना. थोड्या वेळाने त्यांचा पाय ठेका धरू लागला, तशा केकच्या फांद्या एकेक गळायला लागल्या.

ठोके थांबल्यावर रुगिले धापा टाकत माझ्यावर पालथी पडली. तिचा गाल माझ्या पानावर होता.

“आई, हा इथेच राहू दे. काचेखाली मरेल हा.”

“आणि मग घरातलं काय नेशील?” एल्विराने विचारलं.

रुगिलेने आपली लाल झालेली मूठ दाखवली. एल्विराने ती दोन्ही हातांत घेतली आणि बराच वेळ सोडली नाही.

मित्रांनो, म्हाताऱ्या ढोलाचं एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तू धुऊनपुसून शोभेला मांडणं म्हणजे त्यांना जपणं नव्हे. त्यांना त्यांचं काम द्या. फुटायच्या असतील तर कामात फुटू द्या. आणि तुमच्या घरी कोणी चौथा क्रमांक घेऊन, मान खाली घालून आलं, तर ‘तीन जण पुढे कसे गेले?’ असं विचारू नका. पातेलं घ्या, डाव घ्या, दारात उभे राहा आणि शेजारी तक्रार करायला येईपर्यंत वाजवा.