दोन पोलिक्सेनी

“बाई, संगणकात तुम्ही वारलेल्या आहात,” कर कार्यालयातला स्टेलिओस म्हणाला आणि जिभेने बोट ओले करून त्याने पोलिक्सेनीबाईंच्या कागदांचे पुढचे पान उलटले.

पोलिक्सेनीबाई त्या बोटाकडे पाहत राहिल्या. नगरपालिकेच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत त्यांची सारी नोकरी गेली होती. अशा बोटावर काय वाढते, हे त्यांनी काचेच्या बशीत अनेकदा पाहिले होते. आता त्या बोटाला पावावरचे तीळ चिकटले होते. त्यांतला एक त्यांच्या जन्मदाखल्यावर पडला.

“कधी वारले मी?”

“आठ महिन्यांच्या होतात.”

“आणि मग इतकी वर्षं कर कुणी भरला?”

“भरलात ते चांगलंच केलंत. पण त्यानं काय सिद्ध होतं? मेलेल्यांचाही भरतात लोक.” त्याने कॉफीचा घोट घेतला आणि पेला कागदांवरच ठेवला.

प्रकार साधा होता. त्यांच्या आईवडिलांनी पहिल्या मुलीला रिवाजाप्रमाणे आजीचे नाव दिले होते. ती तान्हेपणीच गेली. पुढे दुसरी झाली, तेव्हा मोकळे झालेले नाव तिला दिले गेले. आजीचे नाव वाया घालवायचे नसते, असे गावात सगळेच मानत. नगरपालिकेच्या जुन्या नोंदी यंदा संगणकावर चढवताना कोणीतरी थोरलीचा मृत्यू धाकटीच्या नावावर लावला. तारखा वेगळ्या होत्या. त्या जुळवून पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही. पोलिक्सेनीबाईंचा करदाता क्रमांक बंद पडला.

एरवी त्यांनी वाट पाहिली असती. पण परवाच, शुक्रवारी, आईची कबर उघडायची होती. दफनभूमीत जागा कमी. तीन वर्षे झाली की हाडे काढून कबर पुढच्याला द्यायची, असा तिथला नियम. अस्थिगृहात पेटी ठेवायची तर नातेवाईकाचा चालू करदाता क्रमांक लागे. तो नसला तर हाडे सार्वजनिक खड्ड्यात, चुन्याखाली.

पोलीस चौकीत हयातीच्या दाखल्यासाठी दोन साक्षीदार लागले. पोलिसांनी मान वर करून समोर उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिले असते, तर एकही लागला नसता. बेकरीवाला आला, शेजारीण असिमिना आली.

“मला विचारतो, ही जिवंत आहे कशावरून?” बाहेर पडताना असिमिना म्हणाली. “म्हटलं, काल माझ्या मांजरावरून तासभर भांडली. मेलेलं माणूस इतकं बोलतं होय रे?”

“तासभर नाही. दहा मिनिटं.”

“बघ! जिवंत आहेस खरी.”

गुरुवारी स्टेलिओसने फोटो, जन्मदाखला, कुटुंबाचा दाखला, विजेचे बिल आणि हयातीचा दाखला चाळला. बोट पुन्हा जिभेवर.

“मेलेली तुमची थोरली बहीण होती, हे कशावरून? तिच्या मृत्यूचा दाखला आणा.”

“हे काल का नाही सांगितलंत?”

“काल तुम्ही मेलेल्या होतात. मेलेल्या माणसाला काय सांगायचं?” स्वतःच्याच विनोदावर तो हसला. त्याच्या दातांत तीळ होते.

नगरपालिकेच्या तळघरात, बुरशीच्या वासात, दाखला सापडला. पोलिक्सेनी वेर्गू, मुलगी, घटसर्प. आपले नाव त्या कागदावर वाचताना बाईंना काहीच वाटले नाही. फक्त हात धुवावेसे वाटले.

कार्यालय बंद व्हायच्या सुमारास स्टेलिओसने दाखल्याची प्रत काढून घेतली, शिक्का मारला आणि क्रमांक चालू केला. मूळ दाखला त्याने काउंटरवरून सरकवला. त्यावर कॉफीच्या पेल्याचे वर्तुळ उमटले होते.

“हा घेऊन जा. याचा आता काही उपयोग नाही.”

शुक्रवारी दफनभूमीचा राखणदार कोस्मास याने माती काढली. पाद्र्याने प्रार्थना पुटपुटली आणि तो पुढच्या कबरीकडे गेला. बाईंनी आईची हाडे रिवाजाप्रमाणे एकेक करून वाइनने धुतली. हे कॅल्शियम आणि फॉस्फेट आहे, याहून अधिक काही नाही, हे त्यांना ठाऊक होते. तरी मांडीचे हाड त्यांनी दोनदा धुतले. तो पाय आईचा दुखायचा.

“लहान मुलांची हाडं कुठं असतात?” त्यांनी विचारले.

“जुनी? खड्ड्यात. तान्ह्या पोराला पेटी कोण घेतो, बाई? आणि त्यांचं उरतं तरी काय?”

बाईंनी पर्समधून मृत्यूचा दाखला काढला. वाइनने भिजलेल्या फडक्याच्या टोकाने कॉफीचे वर्तुळ पुसले. पुरते गेले नाही. कागदाची घडी करून त्यांनी ती पेटीत, आईच्या बरगड्यांपाशी ठेवली.

“हाडांशिवाय आत काही ठेवायचं नाही,” कोस्मास म्हणाला. “नियम आहे.”

“मग तक्रार कर. माझा क्रमांक लिहून घे. कालपासून चालू आहे.”

कोस्मासने हात विजारीला पुसून झाकणाची दुसरी बाजू धरली.